जीवाणूकडून औषध करून घ्यायचं, पण कुठपर्यंत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधासाठी यू वृक्षाची साल सोलावी लागते, सदाफुलीच्या पाल्याच्या ढिगातून चिमूटभर व्हिनब्लास्टिन (तेही कर्करोगावरचंच) हाती लागतं. मग या झाडांची जनुकं ई. कोलाय या जीवाणूमध्ये घालून टाकीतच औषध का काढत नाहीत? मानवी इन्सुलिन तर १९८२ पासून तसंच मिळतं. विचारणाऱ्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा आहे, आणि हा मार्ग पर्यावरणाला खरोखर हलका पडतो का, हेही जाणून घ्यायचं आहे.

इन्सुलिनपासूनच सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. इन्सुलिन हे प्रथिन आहे. जनुकात प्रथिनाचाच आराखडा असतो, त्यामुळे तो जीवाणूला दिला की निदान तत्त्वतः काम झालं. टॅक्सॉल, मॉर्फिन, आर्टेमिसिनिन ही प्रथिनं नाहीत. 'टॅक्सॉलचं जनुक' असं काही नसतंच. झाडात दहा, वीस, कधी तीस एन्झाइम ओळीने काम करतात. प्रत्येक जण रेणूत एक छोटा बदल करून तो पुढे देतो, आणि शेवटी जे उरतं ते औषध. म्हणजे जीवाणूत एक जनुक न्यायचं नाही, अख्खी साखळी न्यायची आहे. तीही अशा पेशीत, जिला त्या रेणूशी काही देणंघेणं नाही.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेतो: या साखळीचा कोणता तुकडा जीवाणूला झेपेल? स्ट्रेन (म्हणजे जनुकं बदललेले वाण) घडवणं आणि ते फर्मेंटरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीत, वाढवणं, या दोन्ही बाजूंना मी बरीच वर्षं काम करतो आहे. माझं मत आता पक्कं झालं आहे. जीवाणूकडून सहसा अख्खं औषध करून घेऊ नये. वाटेवरचा एखादा रेणू करून घ्यावा आणि तिथे थांबावं. पुढचं काम रसायनशास्त्राकडे, यीस्टकडे, कधी पुन्हा वनस्पतीच्याच पेशींकडे द्यावं. कुठे थांबायचं हे रेणूवर, मागणीवर आणि सध्याच्या स्रोतावर अवलंबून असतं, त्यामुळे एकच उत्तर सगळ्यांना लागू पडणार नाही.

सगळ्यात सरळ जमलेलं उदाहरण फारसं कुणी सांगत नाही, कारण ते दिसायला साधं आहे. फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिर या औषधाची सुरुवात शिकिमिक आम्लापासून होते. हे आम्ल चक्रीफुलातून काढलं जायचं आणि अजूनही काढतात. पण शिकिमिक आम्ल ई. कोलायलाही परकं नाही. टायरोसिन, ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं तयार करताना ते वाटेत येतंच. ते पुढे नेणारी दोन जनुकं बंद केली आणि मागून प्रवाह वाढवला की ते साचतं आणि पेशीबाहेर पडतं. प्रयोगशाळेतल्या फर्मेंटरमध्ये ते लिटरमागे ८० ग्रॅमच्या वर गेलं आहे. औषध बनवणाऱ्या कंपनीने चक्रीफुलाच्या जोडीला हा मार्ग प्रत्यक्ष वापरला. इथे वनस्पतीचं एकही जनुक लागलं नाही. जीवाणूला त्याच्याच वाटेवर अडवलं, आणि उरलेले सगळे बदल रासायनिक पद्धतीने केले.

यातून एक आडाखा मिळतो. हवा असलेला रेणू पेशीच्या रोजच्या चयापचयाच्या जितका जवळ, तितका जीवाणू कामाचा. साखरेपासून अमिनो आम्लांपर्यंत किंवा टर्पीन (टॅक्सॉल, आर्टेमिसिनिन यांचं कुळ) ज्यांपासून बनतात त्या पाच कार्बनच्या विटांपर्यंत जाणं ई. कोलायला उत्तम जमतं. तिथून पुढच्या पहिल्या काही पायऱ्याही बऱ्याचदा जमतात. त्यानंतर सायटोक्रोम पी-४५० ही एन्झाइमं येतात आणि बरेच प्रकल्प तिथेच अडकतात.

या एन्झाइमांचं काम म्हणजे रेणूच्या नेमक्या कार्बनवर ऑक्सिजन बसवणं. वनस्पतीत ती पेशीतल्या एका पटलात रुतून बसतात आणि इलेक्ट्रॉन पुरवणारं आणखी एक प्रथिन त्यांना जोडीला लागतं. जीवाणूत ते आतलं पटल नसतं. एन्झाइमचं टोक कापून, बदलून, जोडीदार प्रथिन त्याला चिकटवून आपण ते चालतं करतो. कधी चालतं. कधी नुसता गोळा होऊन पेशीत पडून राहतं. आणि चाललं तरी ते नेमकेपणा पाळेलच असं नाही.

टॅक्सॉलचं नेमकं हेच झालं. २०१० मध्ये एमआयटीतल्या ग्रेगरी स्टेफानोपोलस यांच्या गटाने ई. कोलायमध्ये टॅक्साडाइन लिटरमागे सुमारे १ ग्रॅम मिळवलं. त्यासाठी त्यांनी मार्गाचे दोन भाग केले, आधी पाच कार्बनच्या विटांपर्यंतचा आणि मग पुढचा, आणि दोहोंचा जोर एकमेकांशी जुळवत नेला. काम देखणं होतं. पण टॅक्साडाइन म्हणजे नुसता कार्बनचा सांगाडा. त्यावर अनेक ठिकाणी ऑक्सिजन बसवायचे, शिवाय एक बाजूची साखळी जोडायची. पहिला ऑक्सिजन बसवणारं एन्झाइमच भलतं उपउत्पादन देतं. पुढे २०१५ मध्ये ई. कोलाय आणि यीस्ट एकाच टाकीत ठेवून काम वाटून दिलं गेलं. सांगाडा जीवाणूने करायचा, ऑक्सिजन यीस्टने बसवायचा. ऑक्सिजन बसलेली टॅक्सेन (टॅक्सॉलच्या कुळातले रेणू) लिटरमागे ३३ मिलिग्रॅम मिळाली. अख्खं टॅक्सॉल तरीही दूरच राहिलं.

इथे प्रश्नातलं एक गृहीतकही दुरुस्त करायला हवं. टॅक्सॉलसाठी साल सोलण्याचा काळ मागे पडला. सालीतून काढायचं तर एका किलोला ढोबळमानाने १० टन साल लागायची आणि साल सोललेलं झाड मरायचं, ही खरी गोष्ट. पण नंतर युरोपीय यूच्या पानांतून अर्धवट तयार रेणू काढून तो रासायनिक पद्धतीने पूर्ण करू लागले. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं. त्याहून पुढचं पाऊल म्हणजे यूच्या पेशीच मोठ्या टाक्यांत वाढवणं. या पद्धतीला २००४ मध्ये अमेरिकेतला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. म्हणजे तुमच्या जीवाणूची स्पर्धा तोडलेल्या झाडाशी नाही, या दोन चालू पद्धतींशी आहे. 'हा जीवाणू कशाच्या ऐवजी?' हा प्रश्न मी प्रत्येक प्रकल्पात पहिल्या बैठकीला विचारतो. उत्तर दहा वर्षांपूर्वीचं असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आर्टेमिसिनिनची कथा तुम्ही वाचली असणार, तरी ती नीट पाहा. १९७२ मध्ये तू यूयू यांच्या गटाने आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीतून हे मलेरियावरचं द्रव्य वेगळं केलं. २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळालं. बर्कलीतल्या जे कीस्लिंग यांच्या गटाने २००३ मध्ये यीस्टचा मेव्हॅलोनेट मार्ग (पाच कार्बनच्या विटा बनवणारा) ई. कोलायमध्ये बसवला आणि अमॉर्फाडाइन हा सांगाडा मिळवला. पुढे सुधारत सुधारत हा सांगाडा ई. कोलायमध्ये लिटरमागे २५ ग्रॅमच्या वर गेला. एवढं घसघशीत यश मिळूनही पुढच्या पायरीला त्यांनी जीवाणू सोडला आणि यीस्ट धरलं. कारण तेच, पी-४५०. यीस्टमध्ये पेशीतलं पटल तयारच असतं. २०१३ मध्ये यीस्टमधून आर्टेमिसिनिक आम्ल (औषधाच्या आधीचा रेणू) लिटरमागे २५ ग्रॅम मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. आणि शेवटचा टप्पा? तो सूक्ष्मजीवाला दिलाच नाही. प्रकाश आणि ऑक्सिजन वापरून तो रासायनिक पद्धतीने केला. जिथे जे चांगलं चालतं तिथे ते वापरलं, म्हणून हा प्रकल्प कारखान्यापर्यंत पोचला.

मग वनस्पतीची साखळी जशीच्या तशी उचलायलाच हवी का? नाही, आणि जीवाणूची खरी गंमत इथेच आहे. अफूतल्या द्रव्यांचं पाहा. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्टिना स्मोल्क यांच्या गटाने यीस्टमध्ये साखरेपासून थिबेन (मॉर्फिनच्या वाटेवरचं अफूतलं द्रव्य) केलं, वीसहून जास्त एन्झाइम घालून. मात्र ते लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच होतं. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी ई. कोलायमध्ये ते लिटरमागे २.१ मिलिग्रॅमवर नेलं, म्हणजे सुमारे ३०० पट. सुरुवातीच्या पायऱ्यांना त्यांनी वनस्पतीची एन्झाइमं धरून ठेवली नाहीत, ते काम इतर जीवाणूंच्या एन्झाइमांकडून करून घेतलं. शिवाय सगळं एका पेशीवर न लादता चार स्ट्रेनमध्ये वाटलं. एकीचं उत्पादन पुढचीच्या हाती द्यायचं, असं. झाडाला त्याच्या उत्क्रांतीने जो वळसा घ्यायला लावला तो आपणही घ्यावा असा काही नियम नाही. (असा स्ट्रेन चुकीच्या हाती पडला तर काय, हा प्रश्न अर्थातच उभा राहतो. अमली पदार्थांचे कायदे अशा प्रयोगांना लागू होतात, त्यामुळे परवानगीचं आधी पाहा.)

अल्झायमरवरच्या गॅलंटामिनचं काम मला याहून शिकण्यासारखं वाटतं. हे द्रव्य डॅफोडिलच्या कुळातल्या वनस्पतींतून काढतात. टेक्सास विद्यापीठात अँड्र्यू एलिंग्टन यांच्या प्रयोगशाळेतल्या गटाने ई. कोलायमध्ये त्याच्या वाटेवरचा एक रेणू तयार केला. अख्खं गॅलंटामिन नव्हे, वाटेवरचा रेणू. त्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. एन्झाइमात कोणते बदल फायद्याचे ठरतील याचा अंदाज मशीन लर्निंगने, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालीने घेतला, आणि तो रेणू नेमका ओळखणारा एक जैविक संवेदक घडवला. साल्मोनेलात एक प्रथिन असतं, जे नाना प्रकारचे रेणू ओळखून जनुकं चालू-बंद करतं. ते आपल्या रेणूपुरतं चोखंदळ केलं, आणि त्याच्या ताब्यात चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक दिलं. रेणू जास्त, चमक जास्त.

याचं महत्त्व बाहेरून लक्षात येत नाही. एन्झाइममधला बदल घडवणं आज सोपं आहे. हजारो प्रकार बघता बघता करता येतात. त्यातला कोणता चांगला हे शोधायला प्रत्येक नमुना क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या) यंत्रातून काढायचा तर एकेका नमुन्याला कित्येक मिनिटं जातात, आणि रांग संपत नाही. संवेदक असेल तर ताटलीवरच्या वसाहतीच सांगतात. माझ्या पाहण्यात जे प्रकल्प रखडले त्यातले बरेचसे जीवशास्त्रामुळे रखडले नाहीत, मोजण्याच्या संथपणामुळे रखडले.

आता टाकीजवळ येऊ. कागदावर साखळी जुळली तरी पेशीत ती तोल सांभाळत नाही. पुढचा बोळ अरुंद असला की गर्दी मागे साचते, आणि इथे साचलेली गर्दी विषारी असते. मेव्हॅलोनेट मार्ग ई. कोलायमध्ये बसवल्यावर एचएमजी-कोए हा त्या मार्गावरचा रेणू साचला आणि वाढच खुंटली, हे चांगलं नोंदलेलं उदाहरण आहे. त्यामुळे नवशिक्यांचा 'सगळी जनुकं पूर्ण जोराने चालू करू' हा उत्साह मी आधी आवरतो. सगळ्यात वेगवान एन्झाइम मंद करून उत्पादन वाढल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरं म्हणजे, जीवाणूला आपलं औषध नको असतं. ते करणाऱ्या पेशी दमतात, हळू वाढतात. एखादीच्या जनुकात बिघाड झाला किंवा प्लास्मिड (घातलेली जनुकं वाहणारं डीएनएचं छोटं वलय) गळालं, की ती मोकळी होते आणि भराभर वाढते. छोट्या फ्लास्कमध्ये हे कळतही नाही, कारण पिढ्या थोड्या होतात. मोठ्या टाकीपर्यंत पोचायला एका पेशीच्या कित्येक जास्त पिढ्या होतात, आणि तिथे पोचेपर्यंत निष्क्रिय पेशींचं राज्य झालेलं असतं. प्रतिजैविक घालून प्लास्मिड टिकवणं फ्लास्कमध्ये ठीक, कारखान्यात ते खर्चिकही आणि सांडपाण्याच्या दृष्टीने वाईटही. त्यामुळे जनुकं गुणसूत्रातच बसवणं बरं. मिळणारा आकडा सुरुवातीला कमी दिसतो, पण तो टिकतो. मग ऑक्सिजन आहे. पी-४५०लाही तो हवा आणि पेशीलाही हवा, आणि मोठ्या टाकीत सगळीकडे सारखा पोचवणं अवघड. फाज म्हणजे जीवाणूंवर जगणारा विषाणू टाकीत शिरला तर अख्खी तुकडी काही तासांत जाते. यीस्टला ती भीती नाही, हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा. आणि ई. कोलायच्या बाह्य पटलातलं एंडोटॉक्सिन हे ताप आणणारं विष इंजेक्शनच्या औषधात अजिबात चालत नाही, ते काढायचं काम शुद्धीकरणावर येऊन पडतं.

पर्यावरणाचं म्हणाल तर एक साधा भागाकार करा. लिटरमागे १ मिलिग्रॅम मिळत असेल तर एका किलोसाठी १० लाख लिटर द्रव लागेल, तोही शुद्धीकरणातली गळती न धरता. लिटरमागे २५ ग्रॅम असेल तर ४० लिटर पुरतात. या प्रत्येक लिटरला वाफेने निर्जंतुक करायचं, हवा ढकलायची, पेशींची उष्णता काढून टाकायला थंड ठेवायचं, आणि शेवटी त्यातून रेणू काढायला विद्रावक वापरायचा. १ मिलिग्रॅमवाला जीवाणू झाडापेक्षा हिरवा नाही, हे सांगायला मोठा अभ्यास लागत नाही. शेतातली वनस्पती निदान सूर्यप्रकाशावर चालते. आपला जीवाणू साखरेवर चालतो, आणि साखरही कुठल्या तरी शेतातूनच येते. त्यात निसर्गाची एक मर्यादा आहे. ग्लुकोजपासून आयसोप्रीन हे सगळ्यात साधं टर्पीन करायचं ठरवलं, तरी मेव्हॅलोनेट मार्गाने वजनाच्या सुमारे २५ टक्के आणि जीवाणूच्या स्वतःच्या मार्गाने सुमारे ३० टक्के एवढंच कमाल मिळू शकतं. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी.

याचा अर्थ हा मार्ग फसवा आहे असा नाही. जिथे वनस्पतीत द्रव्य अगदीच नगण्य असतं तिथे तो खरोखर हलका पडेल. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो सुकी पानं लागतात असा अंदाज दिला जातो. एवढा पाला वाढवणं, सुकवणं आणि विद्रावकात भिजवणं यापुढे बऱ्यापैकी चालणारा सूक्ष्मजीवही उजवा ठरेल. शिवाय गरज वर्षाला काही किलोंचीच असेल तर छोटी टाकी पुरते. २०२२ मध्ये व्हिनब्लास्टिनचे दोन्ही अर्धे भाग तयार करणारं यीस्ट प्रसिद्ध झालं आणि जोडणी रासायनिक पद्धतीने केली गेली. पुन्हा तीच वाटणी. उलट, ज्या द्रव्याची टनांनी गरज आहे आणि जे पानांत भरपूर सापडतं, तिथे शेताशी झुंजू नका. आर्टेमिसिनिनचा शेवट तोच सांगतो. यीस्टच्या मार्गाने ते बनवणाऱ्या इटलीतल्या गारेसिओच्या कारखान्याची क्षमता वर्षाला ५० ते ६० टनांची होती. यीस्टचं द्रव्य किलोला ३५० ते ४०० डॉलरला पडत होतं, आणि तोवर वनस्पतीतून काढलेल्याचा भाव २५० डॉलरच्या खाली गेला होता. २०१५ मध्ये तिथे उत्पादन झालंच नाही. विज्ञान कुठेही चुकलं नव्हतं. पिकाचा भाव कोसळला होता, एवढंच. शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर त्या काळात कारखाना जोरात चालला असता, तर त्यांचे आणखी हाल झाले असते. हेही हिशेबात धरायला हवं.

तुमच्या प्रकल्पाबद्दल. विषय जरूर घ्या, पण 'ई. कोलायमध्ये टॅक्सॉल' असं शीर्षक घेऊन मार्गदर्शकांकडे जाऊ नका. दोन किंवा तीन पायऱ्यांचा तुकडा निवडा, ज्यात जमलं तर पी-४५० एकही नसेल, फार तर एक. टायरोसिनपासून निघणारे अल्कलॉइड किंवा फ्लॅव्होनॉइड यांत असे तुकडे पुष्कळ मिळतात. साखळीचा पुढचा भाग तपासायचा असेल तर मधला रेणू विकत घेऊन बाहेरून घाला. पेशी तो पुढे नेते का हे आठवड्यात कळतं, आणि मागच्या भागाची वाट पाहावी लागत नाही. रिकामं प्लास्मिड घातलेला स्ट्रेन तुलनेसाठी, नियंत्रण म्हणून प्रत्येक प्रयोगात ठेवा. क्रोमॅटोग्राफीवर योग्य जागी शिखर दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, वस्तुमान जुळतं का आणि शुद्ध नमुन्याशी जुळतं का ते बघा. आणि निकाल लिहिताना लिटरमागे किती एवढंच न लिहिता साखरेच्या एका ग्रॅममागे किती आणि तासाला किती हेही लिहा. कारखान्यातला माणूस आधी तेच दोन आकडे शोधतो.

जीवाणू की यीस्ट, हे तुकडा ठरल्यावर ठरेल. ऑक्सिजन बसवायच्या पायऱ्या दोनाहून जास्त असतील तर मी सरळ यीस्ट घेतो. नसतील तर ई. कोलाय घेतो, कारण त्याची पिढी वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि सोमवारी केलेल्या बदलाचं उत्तर बुधवारी मिळतं. तुमच्या मनात कोणता रेणू आहे, त्याच्या किती पायऱ्यांची एन्झाइमं माहीत आहेत, आणि तुमच्याकडे मोजायला कोणतं यंत्र मोकळं आहे, एवढं कळवलंत तर कोणता तुकडा धरावा हे नेमकं सांगता येईल.